लांबलेल्या दुपारी

“साहेब, हे घड्याळ सूर्यालासुद्धा शिस्त लावतंय!” ताईने नगरपालिकेच्या मुख्य साहेबांपुढे वही ठेवली. “वारसा समितीला बोलवा. बाग वाचलीच समजा!”

ताई म्हणजे गावातल्या जुन्या वास्तूंची नोंद करायला सहा महिन्यांसाठी नेमलेली मुलगी. भौतिकशास्त्राची कोरी करकरीत पदवी, आणि मोजल्याशिवाय सख्ख्या आईवरही विश्वास न ठेवण्याची खोड. जुन्या बागेत दगडी ओट्यावर एक पितळी सूर्यघड्याळ होतं. असली घड्याळं ऋतूप्रमाणे काही मिनिटं मागेपुढे होतातच. हे मात्र तिच्या मनगटी घड्याळाशी सलग चाळीस दिवस जुळलं होतं. मिनिटाचाही फरक नाही!

बाग वाचायलाच हवी होती. वारशाच्या यादीत नाव लागलं नाही, तर तिथे ट्रक उभे राहणार होते. आणि तिथलं पान न् पान एकवीस वर्षं जपणारे माळीकाका पाण्याच्या टाकीवर पहारा देत बसणार होते.

ताईने मनगटी घड्याळ खणात टाकलं. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ दिवसाला मिनिटभर मागे पडायचं. शिपाईमामा ते रोज रेडिओवरून लावायचे.

“मामा, रेडिओ बंद. आजपासून मी लावणार. सूर्यघड्याळ बघून!”

“तुम्ही शिकलेल्या,” मामा म्हणाले आणि त्यांनी रेडिओवर पेपर पसरला.

गावाचा भोंगा ऑफिसच्या घड्याळावर वाजायचा. पुढच्या तीन आठवड्यांत गावाला काहीतरी मऊ मऊ व्हायला लागलं. जेवण झाल्यावर दुकानदार फळीवर आडवे व्हायचे, ते भोंगा होईपर्यंत दोन स्वप्नं जास्तीची बघून उठायचे. शाळेच्या फाटकावर ऊन मांजरासारखं पसरून बसायचं. सावल्या हलायच्या, पण कुणी मागे लागल्यासारख्या नाही. “हल्ली दुपार लांबलीय का हो?” लोक एकमेकांना विचारायचे, आणि उत्तर यायच्या आत पेंगायचे.

तपासणीच्या दिवशी समितीच्या बाई अकराला यायच्या होत्या. ताई आणि साहेब गुच्छ घेऊन अकराला पाच कमी असताना बागेत पोचले. चिंचेखालच्या बाकावर एक बाई, चष्मा कपाळावर, गाढ झोपलेल्या!

साहेब खाकरले. बाई दचकून उठल्या. “आलात? अठरा मिनिटं उशीर.”

“छे! पाच मिनिटं लवकर,” ताईने सूर्यघड्याळाकडे बोट दाखवलं. “सूर्याचीच साक्ष काढा ना!”

“बरोबर दाखवतंय ते,” माळीकाका झारी टेकवत म्हणाले. “आत्ताच लावलंय मी.”

“लावलंय?”

“रोजच लावतो की! सकाळी आल्या आल्या. आज खुर्च्या वाहण्यात राहून गेलं.” काकांनी पितळी तबकडी दोन्ही हातांनी धरली आणि फिरवून दाखवली. कुर्र्! सावली निमूटपणे बारावर गेली. “आधीचे माळी सांगून गेले, घड्याळ म्हटलं की रोज लावायचं. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी सांगितलं होतं.”

ताईचे चाळीस दिवस डोळ्यांपुढून गेले.

“कशावरून लावता?” बाईंनी विचारलं.

“ऑफिसातलं घड्याळ बघून.”

“आणि ते कोण लावतं?”

शिपाईमामा पाण्याचा तांब्या घेऊन आले होते. ते अगदी हळू म्हणाले, “ताई लावतात. ह्याच्यावरून.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं ताईला झालं. पण धरणीही पेंगलेली असावी.

“घड्याळ यादीत जाणार नाही,” बाई म्हणाल्या. माळीकाकांनी झारी उचलली. “थांबा हो! पिढ्यान्‌पिढ्या माळी सूर्याला चावी देतायत, अशी रीत मी कुठे पाहिली नाही. ती जाईल. रीत जपायची तर बाग लागेल, माळी लागेल. शिवाय अकरा वर्षं तपासण्या करतेय, तपासणीत झोप आजच लागली. तसं लिहिता येत नाही, एवढंच.”

मामांनी रेडिओ लावला. भोंगा तेवीस मिनिटं लवकर व्हायला लागला. तिसऱ्या दिवशी एकशे बारा सह्यांचा अर्ज आला: ‘आमची दुपार पूर्ववत करावी.’

साहेबांनी त्यावर ताईचा लेखी खुलासा मागितला, चार वाजेपर्यंत. ती वही घेऊन चिंचेखाली बसली. ‘महोदय’ लिहून झालं. मागून कुठेतरी कुर्र् झालं. डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं, पण सावली बरोबर चारवर होती.

आयुष्यात पहिल्यांदाच तिने काही मोजून पाहिलं नाही.