काका आधी बघून येतात

गायधनी काका सिनेमा एकाच दिवशी दोनदा बघायचे. तीनच्या खेळाला एकटे आणि सहाच्या खेळाला सुमनकाकूंना घेऊन. दुसऱ्या वेळी आपण हा सिनेमा पहिल्यांदाच बघतोय असा आव आणायचे. फक्त खलनायक पडद्यावर यायच्या आधीच दचकायचे, तेवढं जरा चुकायचं.

लग्न होऊन मी नाशिकला इंदिरानगरात राहायला आले तेव्हा हे जोडपं आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये होतं. मूलबाळ नाही. काका सिनेमावेडे आहेत असं मी नवऱ्याला म्हटलं, तर तो म्हणाला, त्यातला सिनेमा काढून टाक. मला मात्र काकांचा तो वेडेपणा आवडायचा, निदान ते कॉम्प्युटरच्या वाऱ्याला उभे राहीपर्यंत तरी.

काका सातपूरच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तयार झालेला माल गेज लावून तपासायचा आणि त्यावर शिक्का मारायचा, हे त्यांचं जन्मभराचं काम. रिटायर झाल्यावर गेज कंपनीत राहिला, पण नजर घरी आली. सिनेमा, पुस्तकं, भाजी, भाचीला आलेली स्थळं, सगळ्याला त्यांच्याकडे तीनच शिक्के होते: पास, रिवर्क आणि रिजेक्ट. पास म्हणजे सगळे सुखरूप घरी पोचतात. रिजेक्ट म्हणजे काकूंना त्या टॉकीजच्या रस्त्यानंही न्यायचं नाही. आणि रिवर्क म्हणजे बाकी बरा, शेवट तेवढा खराब. अशा सिनेमात ऐनवेळी काकांच्या पोटात कळ यायची. काकू बिचाऱ्या मुकाट्यानं उठायच्या आणि स्कूटरवरून घरी येताना काका त्यांना आपल्या मनाचा शेवट ऐकवायचे. पोरगं सापडतं, बाप दारू सोडतो आणि सगळे वणीच्या गडावर दर्शनाला जातात. काकांच्या बहुतेक शेवटांमध्ये मंडळी गडावरच जायची. हे मला काकूंनीच पोहे निवडता निवडता हसत सांगितलं होतं.

पुस्तकांचंही तेच. वाचनालयात उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण आधी वाचल्याशिवाय काकूंसाठी कादंबरी घरी यायची नाही. काउंटरवरच्या बाई वैतागायच्या. एका लेखकाबद्दल काकांनी मला गंभीरपणे सांगितलं, "हात चांगला आहे माणसाचा. पण माणसं सांभाळता येत नाहीत. शेवटाकडे आला की धडाधड घालवतो. असल्या सुपरवायझरला आम्ही कारखान्याच्या शॉपमध्ये पाऊल ठेवू दिलं नसतं."

पुढे गुडघे दुखायला लागले आणि एका दिवसात टॉकीजच्या दोन फेऱ्या जमेनात. त्याच सुमाराला सीड्या आल्या. सिनेमा टॉकीजला लागतो न लागतो तोच त्याच्या दोन-तीन सीड्या बाजारात मिळायच्या, कशा ते विचारायचं नाही. मग काकांनी कॉम्प्युटर घेतला. कॉलनीतल्या लोकांनी तो मुलांच्या अभ्यासासाठी घेतला होता; काकांनी घेतला सिनेमे तपासायला. मी कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते हे त्यांना माहीत होतं, आणि तिथून माझ्या सुखाला दृष्ट लागली.

कॉम्प्युटरला काका जाम घाबरायचे. एखादी फाइल पुसायला गेलं की तो विचारायचा, नक्की का? काका हात मागे घ्यायचे. "अनघा, हा ज्या अर्थी विचारतोय त्या अर्थी याला काहीतरी माहीत आहे." त्यामुळे त्यांच्या मशीनमधून कधीच काही पुसलं गेलं नाही. एकदा तुम्ही बेकायदा काम केल्यामुळे हे बंद करत आहोत, अशा अर्थाची, कॉम्प्युटर अडकला की येणारी नेहमीची इंग्रजी चौकट पडद्यावर आली. आत सीडी होती आणि ती कुठून आणली ते काकांना ठाऊक होतं. ते स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, दाराला कडी लावली आणि खिडकीतून मला हाक मारली. आवाज इतका दबलेला की मला वाटलं काकूंना काही झालं.

आता त्या शनिवारबद्दल सांगते. आमच्या भिशीच्या बायकांनी तीनच्या खेळाला नवा सिनेमा ठरवला आणि काकू हो म्हणाल्या. काकांना न विचारता. सकाळीच काका आमच्या दारात. दाढी अर्धी केलेली.

"तुमच्या सिनेमाची तिसरी सीडी लागत नाहीये. आणि तिसरीतच सगळं आहे."

मी सवयीनं वैतागले. म्हटलं, काका, आज नाही बघितलं तर काय बिघडेल? बायका बायका जातोय, चार तास मजा करू, येऊ. ते दारातल्या स्टुलावर बसले आणि बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिले. मग म्हणाले, "आम्हाला एक मुलगी होती. सात वर्षांची असताना तापात गेली. नंतर मी हिला जरा बाहेर न्यायचं म्हणून सिनेमाला घेऊन गेलो, तर त्यात एक पोरगी आजारी. हिला सहन झालं नाही. उठून बाहेर आलो. तेव्हापासून मी आधी बघून येतो."

इतकी वर्षं शेजारी राहून हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यामागून गेले.

सीडीचा ट्रे उघडला तर आत अक्षता. हळदीकुंकू लावलेले तांदळाचे दाणे. मी काकांकडे पाहिलं. खंडेनवमीला कारखान्यात मशिनींची पूजा व्हायची, तशी त्यांनी घरच्या मशीनचीही केली होती. झेंडूची माळ तर मी पाहिलीच होती. पण मशीनचा जो भाग हलतो त्यावर अक्षता पडल्याच पाहिजेत असा त्यांच्या शॉपचा रिवाज. कॉम्प्युटरचा हलणारा भाग एकच, तो ट्रे. त्यांनी तो बाहेर काढून मनोभावे पूजला होता आणि आत ढकलला होता. मी चिमट्यानं दाणे वेचले, फुंकर मारली. तोवर सीडीवर गोल चरे पडले होते.

तरी सिनेमा सुरू झाला. मुलगी दवाखान्यात. आईबाप बाकावर. खोलीचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढला, तोंड उघडलं आणि तिथेच थांबले. आम्ही सीडी पुसली, पुन्हा लावली. डॉक्टर बाहेर आले, चष्मा काढला, तोंड उघडलं. पुन्हा. मला हसू यायला लागलं होतं, पण काका पडद्याला नाक लावून त्या उघड्या तोंडात काही दिसतंय का ते बघत होते.

मग फोनाफोनी. सिनेमा पाहिलेला एकच माणूस सापडला, काकांच्या जुन्या खात्यातले कोणीतरी. ते म्हणाले, शेवट फार भारी आहे, पण सांगत नाही, तुमची मजा जाईल. काकांनी विनवण्या केल्या. ते गृहस्थ हसतच राहिले. फोन ठेवून काका म्हणाले, "लोक फार वाईट असतात गं."

काकूंना जाऊ नका म्हणून तुम्हीच सांगा, असं मी सुचवलं. ते त्यांच्याच्यानं होईना. काकू तर नवी साडी नेसून तयार होत्या. शेवटी डझनभर बायकांच्या घोळक्यात एकटे काका निघाले. गर्दीत हिला त्रास होतो, असं कारण त्यांनी सगळ्यांना दिलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

काकूंच्या एका बाजूला ते बसले, दुसऱ्या बाजूला मी. मध्यंतरानंतर पोरगी आजारी पडली. दवाखाना आला. बाक आला. काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. दार उघडलं, डॉक्टर बाहेर आले, त्यांनी चष्मा काढला. काका उभे राहिले. "पोटात कसंतरी होतंय. चल, घरी जाऊ."

काकूंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. आवाज अगदी हळू, पण मी खेटून बसले होते.

"बसा. त्या वेळीही तुम्हीच उठला होतात. मी तुमच्यामागं आले. आज मला बघायचंय."

मागून कोणीतरी खाली बसा म्हणून ओरडलं. काका बसले. डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि मुलगी गेल्याचं सांगितलं. काका रडले. रुमाल तोंडावर दाबून, खांदे हलवत, लहान मुलासारखे रडले. काकूंचे डोळे पडद्यावर होते आणि हात त्यांच्या पाठीवर फिरत होता.

सिनेमा सुटला, बायका चाटवाल्याकडे गेल्या. काका तोंड धुवायला नळावर गेले तेव्हा मी काकूंना विचारलं, ती कळ खोटी असायची, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? त्या म्हणाल्या, "पोटात कळ येणारा माणूस वाटेत भजी खातो का? मला जपतोय, असं त्यांना वाटायचं. त्याच्यावरच ते उभे होते. मी कशाला काढून घेऊ?" मला त्या बाईचा फार हेवा वाटला आणि त्यांच्यासाठी फार वाईटही वाटलं.

काका आले आणि पायरीवर काकूंच्या शेजारी बसले. सिनेमाबद्दल आता काहीतरी मत येईल म्हणून मी वाट बघत होते. ते चपलांकडे बघत म्हणाले, "सुमन, मी तेव्हा औषध आणायला गेलो होतो. मंजू काही बोलली होती का गं?"

मंजू हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"तुम्ही कधी विचारलंच नाहीत," त्या म्हणाल्या. "बाबा कुठे गेले, असं म्हणाली. मी म्हटलं, येताहेत. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. घाबरली नव्हती."

काकांनी मान हलवली आणि विचारलं, केस बांधलेले होते का. काकू सांगायला लागल्या. मी रिक्षा बघते असं म्हणून रस्त्यावर गेले आणि समोरून येणाऱ्या दोन्ही रिकाम्या रिक्षा जाऊ दिल्या.