तीस कोटी वर्षांचं तण

सांगलीच्या कॉलेजात एकतीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले नंदकुमार शनिवारी सकाळी डब्लिनच्या चेरीवूड वसाहतीत लेकीच्या शेजारणीच्या बागेत गुडघे टेकून बसले होते, आणि शेजारीण मिसेस ब्रेनन चहाचा मग हातात धरून दारातून त्यांच्याकडे बघत होती.

नातीचा, मुक्ताचा, सोमवारी शाळेत प्रोजेक्ट होता: पृथ्वीवरच्या वनस्पतींचा प्रवास, प्रत्येक टप्प्याचा एक जिवंत नमुना. डब्लिनला येऊन दहा आठवडे झाले तरी नंदकुमारना, म्हणजे मुक्ताच्या आबांना, कुणी थंडीपलीकडे काही विचारलं नव्हतं. त्यामुळे प्रोजेक्ट त्यांनी असा काही ताब्यात घेतला, की मुक्ताकडे फक्त बरण्या धरण्याचं काम उरलं. मॉस, नेचा, पाइन, डेझीचं फूल, सगळं मिळालं. अडलं होतं हॉर्सटेल नावाच्या पेरापेराच्या आदिम वनस्पतीपाशी. आणि ते इथं, गुलाबांच्या मधोमध, बाटली घासायच्या ब्रशसारखं उभं होतं!

"मॅडम, याचा एक तुकडा मिळेल का? फार मौल्यवान आहे."

मिसेस ब्रेनन इतकी हसली की चहा सांडला. "एक? अकरा वर्षं उपटतेय मी ते! सगळं घेऊन जा, लव्ह."

"आबा, इट्स अ वीड," मुक्ता कुजबुजली.

"वीड? अगं, डायनासोरच्या आधीपासून आहे हे!"

मिसेस ब्रेननचा स्वभाव परोपकारी. तिने लगेच वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, 'चौदा नंबरच्या इंडियन प्रोफेसरांना हॉर्सटेल हवंय. दाराशी ठेवा.' दुपारपर्यंत दाराशी तीन पिशव्या आल्या. संध्याकाळी लेक वैदेही लुआस ट्रामने घरी आली, तेव्हा पिशव्यांच्या ढिगामागे तिला दरवाजाच दिसेना.

"बाबा, हे काय आहे?"

"लोक फार चांगले आहेत गं इथले. एकानं तर कार्डपण लिहिलंय."

"अहो, मुळाचा एवढासा तुकडा पडला तरी पसरतं ते!"

"ठाऊक आहे की. म्हणून तर टिकलंय."

घरात, दारात, खिडकीत जे जे हिरवं आणि पेरापेराचं दिसलं ते वैदेहीने पिशव्यांत कोंबून गाठी मारल्या. "उद्या सगळ्यांना बोलवा, गोड बोलून सॉरी म्हणा, आणि ज्याचं त्याला परत द्या. मला इथंच राहायचंय."

रविवारी अकराला मधल्या हिरवळीवर, मांडून ठेवलेल्या पिशव्यांभोवती, माणसं जमली. नंदकुमार सॉरी म्हणायलाच उभे राहिले होते. पण एकतीस वर्षांची सवय, सुरुवात झाली समुद्रातल्या शैवालापासून. त्यांचं इंग्रजी कुणाला कळेना, म्हणून मुक्ता ते आयरिश इंग्रजीत सांगू लागली.

"हे गेट म्हणजे समुद्र. इथं वनस्पती जमिनीवर आली. आता एक पाऊल म्हणजे एक कोटी वर्षं. चला माझ्यामागे!"

आणि माणसं चक्क चालायला लागली. वाटेत आबा एकेकाला एकेक वनस्पती करत गेले; कुत्रा घेऊन आलेले एक गृहस्थ नेचा झाले. सतराव्या पावलावर आबा थांबले, हात वर केले. "इथं, तीस कोटी वर्षांपूर्वी, हॉर्सटेलची जंगलं होती. ही घराएवढी उंच! अजून फूल नाही, पक्षी नाही. फुलासाठी आणखी सोळाएक पावलं." सत्तेचाळिसाव्या पावलावर हिरवळ संपली.

"आणि माणूस कुठे?" कुणीतरी विचारलं.

"एक पाऊल म्हणजे कोटी वर्षं, माणसानं अजून पाय उचललेला नाही," आबा म्हणाले. मुक्ताने ते सांगितलं, तसे सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले.

एका म्हाताऱ्याने आपल्या पिशवीची गाठ सोडून आत पाहिलं. "हे? माझ्या शेडमागचं?" त्याने पिशवी छातीशी धरली आणि हळूहळू घरी निघाला. पाठोपाठ बाकीचेही ज्याची त्याची पिशवी उचलून गेले. वैदेहीचा जीव भांड्यात पडला. "बाबा, यू आर ग्रँड हं!"

संध्याकाळी मुक्ताने बरण्या मांडायला घेतल्या. "आई, माझं हॉर्सटेल?"

वैदेहीने ओठ चावला. खिडकीतल्या बरणीतलं तिनेच काल पिशवीत कोंबलं होतं.

"त्यात काय मोठं," म्हणत आबांनी जॅकेट चढवलं आणि मुक्ताला घेऊन शेजारी गेले. बागेत बघतात तर गुलाब बाजूला बांधलेले, हॉर्सटेलभोवती बांबूच्या काठ्या आणि सुतळीचं कुंपण.

"मॅडम, एकच तुकडा..."

मिसेस ब्रेनन कुंपणाच्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली. "सॉरी, प्रोफेसर. तीस कोटी वर्षं ते टिकलं. माझ्या बागेत कसं तोडू देऊ?"

मग मुक्ताचा पडलेला चेहरा बघून ती जरा विरघळली.

"फोटो काढ हवं तर. फक्त फ्लॅश नको."