वझे सरांची लवंग

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, हाटकेशमधल्या आमच्या शाळेचे विज्ञानाचे वझे सर प्रश्न विचारून झाला की दाताखाली लवंग धरतात आणि उत्तर आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. दातदुखी नाही. संशोधन आहे.

झालं असं, की सरांनी स्वतःचाच तास मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पडलेल्या चेहऱ्याने मला म्हणाले, "मॅडम, प्रश्न मीच विचारतो, उत्तरही मीच देतो. पोरं नुसती तिकीट काढून बसल्यासारखी." तेव्हापासून लवंग. आणि "थांबून बघू" हा मंत्र.

सवय मग वर्गाबाहेर पडली. एकदा मी सोबत असताना भाजीवाल्याला सरांनी विचारलं, "भिंडी ताजी है क्या?" आणि लवंग धरून त्याच्याकडे बघत उभे राहिले. तो आधी हसला, मग त्याने एक भेंडी मोडून दाखवली, शेवटी हळूच मला म्हणाला, "मॅडम, साहब की तबीयत ठीक है ना?"

मुख्याध्यापिकाबाईंना मात्र यात गंमत दिसत नव्हती. "वझे, आठवी ब मागे पडतेय. उद्या मी येऊन बसते. तास संपेपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही, तर लवंग बंद आणि वर्ग दुसऱ्याकडे."

आठवी ब म्हणजे सरांचा जीव की प्राण. त्यातही भाविका. भाईंदरच्या कोळीवाड्यातली, शेवटच्या बाकावरची. एकदा उत्तर देताना ती 'न्हाय' म्हणाली आणि वर्ग हसला. त्यानंतर तिने ओठ उघडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाई आणि मी मागे बसलो. सरांनी विचारलं, "ओला कपडा सावलीतसुद्धा वाळतो. कसा काय?"

लवंग आत.

कुणी बोलेना. पंखा तेवढा करकरत होता. बाईंनी घड्याळ पाहिलं, परत पाहिलं. उत्तर माझ्याच जिभेवर येऊन बसलेलं. मी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. सरांच्या कपाळावर घाम. त्यांचे ओठ हलले. संपलं, म्हटलं, आता हे बोलणार. पण त्यांनी लवंग करकचून चावली.

"वाऱ्यानी," मागून बारीक आवाज आला. "वारा न्हाय लागला त बोंबील पन सुकत न्हाय."

एकजण खिदळायच्या बेतात होता. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मग इथून तिथून हात वर यायला लागले.

घंटा झाली तेव्हा बाई उठल्या. "ठीक आहे, वर्ग तुमच्याकडेच. पण वझे, स्वतःच उत्तर द्यायची एवढी घाई का व्हायची तुम्हाला?"

सरांनी लवंग काढून रुमालात ठेवली. "आमची ही गेल्यापासून घरी तसंच चालतं, मॅडम. मीच विचारतो, चहा टाकू का? मीच म्हणतो, टाक."

बाई घड्याळाकडे बघायचं विसरल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून, हात वर न करताच भाविका म्हणाली,

"मंग आमाला इचारा ना, सर. आमी हाय ना."