पाखरू की मुंगूस

आमच्या शेजारच्या बाळूनानांच्या मते जगात माणसं दोनच जातीची. पाखरू आणि मुंगूस. आगरदांड्याच्या जेटीवर माझी चहाची टपरी आहे. तिच्या बाकावर बसून नाना दिघीहून येणाऱ्या फेरीबोटीतल्या उतारूंची रोज छाननी करतात.

“पाखरू उजेड दिसला का झेप टाकतं नि जलतं,” ते समजावतात. “मुंगूस पयला वास घेतं, मंग पाय टाकतं. शिकार करतं नि परत आपलं बील गाठतं. समजलं का, वयनी?”

मी लगेच मान हलवते, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्या ह्यांना त्यांनी पाखरू ठरवलंय, तेही विझलेल्या दिव्याभोवतीचं. एकदा मुलगी बघायला आलेला नवरामुलगा बोटीतून उतरला. त्याचा गॉगल बघून नाना भर जेटीवर ओरडले, “पाखरू हाय!” लग्न मोडता मोडता वाचलं. पुढे जावई चांगला निघाला, पण निकाल कायम. “पंख जलले, म्हून चालतंय.”

मुंगसाचं तोंड दिसणं शुभ. ते आडवं गेलं की आमच्याकडची पोरं अजून ओरडतात, “मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!” नानांच्या लेखी असं शुभ मुंगूस आजवर एकच, त्यांचा मुलगा निलेश. तो याच बोटीने पलीकडे गेला, गोव्याहून पुढे जहाजावर नोकरीला. नानी नुकत्याच वारल्या होत्या. मी म्हटलं, “नाना, पोराला अडवा.” ते हसले. “मुंगसाला कोन अडवतं? बिलाची वाट त्याला ठावी हाय.”

त्याला बरीच वर्षं झाली. दर गणपतीला नाना त्याची खोली झाडून ठेवतात. आधी फोन तरी यायचे. आता त्याने परदेशातच घर केल्याचं गावभर झालंय. पाखरू निघाला, असं सगळे म्हणतात, फक्त नानांसमोर नाही. मलाही धीर होत नाही. मी नुसती त्यांच्या चहात साखर जास्त घालते.

यंदा गणपतीच्या आदल्या संध्याकाळी बोट लागली. माणसं उतरली, गाड्या उतरल्या. नानांनी कुणाचीच छाननी केली नाही. मी चहा घेऊन गेले, तर रिकाम्या बोटीकडे बघत ते लहान पोरासारखं पुटपुटत होते, “मुंगसा मुंगसा, तोंड दाखव...”