कच्च्या रंगातलं 'बंद'

अहमदपूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, 'उधार बंद'ची पाटी रंगवावी ती गफूरचाचांनीच. 'उधार' ते ऑइलपेंटनं लिहीत, ठसठशीत, पक्कं. 'बंद' मात्र पाण्याच्या रंगात. दोन महिन्यांनी मालकानं धूळ पुसली की 'बंद' फडक्यात जायचं आणि दुकानावर नुसतं 'उधार' झळकायचं!

भांडायला कुणी आलं की चाचा ब्रश कानावर खोचत. "मंदी हाय मालक, मय्यत न्हाई! कायमचं कशाला लिहायचं?"

मागच्या मंदीत सगळा बाजार बसला, चालला तो एकट्या चाचांचा ब्रश. आडत्यानं हमालांची आगाऊ उचल थांबवली, हमालांचं उधार किराणावाल्यानं थांबवलं. जो तो आपली पाटी लावून समोरच्याची पाटी वाचत बसलेला. दुपारी मोंढा असा पेंगायचा की रिकाम्या काट्यावर कबुतरं चढून स्वतःला तोलून घ्यायची. माझ्या सुतळीच्या दुकानातून तो रस्ता पाण्याखाली असल्यासारखा दिसे, हलता आणि मुका.

शेवटी दिगंबर चहावाल्यानंही पाटी रंगवून घेतली. रंग वाळायच्या आत चाचा बाकावर टेकले.

"दिगू, एक चहा. लिहून ठेव."

"चाचा, पाटी तुम्हीच रंगवली ना?"

"हाव."

"तिचे पैसे आत्ताच दिले ना तुम्हाला?"

"दिले की. हे काय, खिशात हायेत."

"मंग?"

"ते ऱ्हाऊ दे. तू लिही."

दिगंबरनं लिहिलं नाही. चाचा चहा न पिता उठले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. खिशात नोट असताना उधारीसाठी अडून बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

"चाचा, द्या की पैसे आणि प्या चहा," मी एकदा म्हणालो.

ते ब्रश धूत होते. डब्यातलं पाणी हळूहळू निळं होत गेलं.

"मागं चार रोज तापानं पडलो. घरवाली अल्लाकडं, पोरगा हैदराबादला. कोणी आलं न्हाई बघा. कुणाचं देणंच न्हाई, तर कशाला येतंय कोण? वहीत नाव असलं की माणूस दिसला न्हाई तर इचारतेत."

माझ्या पोटात काही राहत नाही. मी ते दिगंबरला सांगितलं.  तो ओलं फडकं घेऊन बाकावर चढला आणि त्यानं पाटीवरचं 'बंद' घासून काढलं. त्या दिवशी चाचांनी उधारीचा चहा प्याला, बशीत ओतून, लई सावकाश.

नुसतं 'उधार' वाचून हमाल चहाला थांबू लागले. हमाल हाताशी दिसले म्हणून एका आडत्यानं मालाची गाडी मागवली, उचल दिली. किराणावाल्यानंही हळूच फडकं ओलं केलं. शहाणे लोक मंदी जाण्याची कारणं काहीही सांगोत, आमच्याकडची चहानं गेली.

पुढं एका सकाळी दहा वाजले तरी चाचा आले नाहीत. दिगंबरनं शेगडी तशीच सोडली. काखेत वही, हातात चहाचा गिलास, मागं मी. त्यानं चाचांचं दार धडधडवलं.

"ओ चाचा! माझे चहा बुडवून कुठं पळता?"

आतून खोकला आला. मग खुशीतला आवाज, "आलो रे सावकार, आलो!"

तरी दार उघडायला बराच वेळ लागला. घरी तगादा आला होता; चाचा डोक्याला तेल लावून भांग पाडत होते.