माशांच्या विजेची रंगीत तालीम

लागोपाठ तीन रात्री तिला झोप नव्हती, आणि या खेपेला त्याचं कारण मूल नव्हतं. मुलीचा ताप, मुलीचा खोकला, मुलीने गिळलेलं (किंवा कदाचित न गिळलेलं) शर्टाचं बटण, या सगळ्या काळज्यांचा तिला सहा वर्षांचा सराव होता. या वेळचं कारण म्हणजे लिफ्टशेजारी चिकटवलेला एक कागद. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, सकाळी नऊ ते दुपारी तीन, दुरुस्तीसाठी संपूर्ण इमारतीची वीज बंद राहील, एवढंच त्यावर लिहिलं होतं. बाकीचे लोक तो कागद वाचत आणि वर जात. तिने तो वाचला, आणि लिफ्ट दोनदा येऊन गेली तरी ती तिथेच उभी होती.

कारण तिच्या बाहेरच्या खोलीत सहा फुटी काचेचा समुद्र होता. तो मुळात नवऱ्याचा शौक. लग्न झालं तेव्हा त्यात चार दगड आणि एक उदास मासा होता. मुलगी झाली आणि पहिलं वर्षभर तिला मांडीवर घेऊन ही त्या काचेसमोर बसू लागली, तेव्हा समुद्राची मालकी कुणालाही न कळता बदलली. आता त्यात केशरी माशांची एक जोडी होती, एक पिवळाधमक मासा होता, आणि टोकाला हातोडीसारखे गोळे असलेलं एक हिरवं कोरल होतं. दोन गोळ्यांची फांदी आणली होती, तिचे एकवीस झाले होते. हा आकडा ती पाहुण्यांना, दूधवाल्याला आणि एकदा दाताच्या डॉक्टरांना तोंडात कापूस असताना सांगून चुकली होती.

तिने माशांच्या टँकवाल्याला फोन केला.

"पाणी हललं नाही तर मासे किती वेळ टिकतील?"

"दोन तास काढतील, मॅडम."

"आणि तीन?"

"तीनही काढतील. बहुतेक."

"आणि सहा?"

"मॅडम, तुम्ही आपली बॅटरी घ्या."

बॅटरी आली. या बाबतीत तिला कमी लेखून चालणार नाही. ती रंगाच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होती. वर्षातून चार वेळा साडेचारशे माणसांना खोट्या आगीतून खऱ्या मैदानावर आणून उभं करणं हे तिचं काम. तिने कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. दिवे नकोत, खालचा मोठा पंप नको. बॅटरीवर फक्त पाण्यात लाटा करणारे दोन छोटे पंप आणि हवेचा एक. म्हणजे सहा तास निघून वर दोन तास शिल्लक. हिशेब तिने तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा उत्तर तेच आलं, त्यामुळे तिला जरा संशय आला.

नवऱ्याचा मात्र उत्साह उतू जात होता. "घेतोच आहोत तर" या तीन शब्दांवर त्याचा संसार चालत असे. घेतोच आहोत तर पंपही मोठा घेऊ, म्हणून टाकीखालच्या कपाटात नवा दमदार पंप आला. या कपाटात आणखी एक छोटी टाकी असते. वरचं पाणी तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. नव्या पंपाचं पाणी वर पडताना असा काही खळखळाट होई की सासूबाईंना मालिकेतलं एक वाक्य ऐकू येईना. नवऱ्याने लगेच पाइपाचं तोंड चांगलं चार बोटं पाण्याखाली नेलं. आवाज बंद. हिने आपल्या परीने खालची टाकी काठोकाठ भरून ठेवली. (पाणी कमी पडण्यापेक्षा जास्त असलेलं बरं, हे तिचं मत. डायपरपासून कोथिंबिरीपर्यंत सगळ्याच बाबतीत ते तसंच होतं.)

आणि मग तिने तो निर्णय घेतला. खरा दिवस उजाडायच्या आधी, आदल्या रविवारी, घरी एकदा रंगीत तालीम घ्यायची.

"तालीम कसली? बटण बंद करायचं आणि बघायचं," नवरा म्हणाला.

"कारखान्यातही सगळे असंच म्हणतात," ती म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकमध्ये बंद केलेला एकेक कागद आला. नवरा पाणी विभाग. सासूबाई वेळ विभाग, त्यांच्या हातात घड्याळ. मुलगी निरीक्षक, तिच्या हातात वही. खाली तीन नियम. एक, धावायचं नाही. दोन, ओरडायचं नाही. तीन, काहीही झालं तरी हा सराव आहे हे लक्षात ठेवायचं, पण सगळं खरं असल्यासारखं करायचं.

"मी काय करू?" मुलीने विचारलं.

"तू बघायचं. जे दिसेल ते वहीत काढायचं. मध्ये बोलायचं नाही."

"सू लागली तर?"

"तेवढं बोलायचं."

रविवारी बरोबर अकरा वाजता तिने दाराजवळचा मुख्य खटका खाली ओढला. पंखा मंदावला, फ्रिज गप्प झाला, टाकीवरचे दिवे गेले. एक, दोन, तीन. बॅटरीने टक् केलं, आणि अंधारलेल्या पाण्यात दोन्ही छोटे पंप घुमू लागले. केशरी जोडी लाटेवर डुलली. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कारखान्यात साडेचारशे माणसं बाहेर यायला अकरा मिनिटं लागतात आणि त्यातली सात जण चहाला गेलेली असतात. इथे तीन सेकंदांत एकूण एक मासा जागेवर होता.

"बघितलंत," ती म्हणाली, आणि कुणी न विचारता बॅटरीची क्षमता समजावून सांगू लागली. मुलीने हात वर केला.

"सू?"

मुलीने मान हलवली. नाही.

"मग हात खाली. वहीत काढ."

मुलीने पान उलटलं आणि मान खाली घालून काढायला घेतलं. आणखी दोन मिनिटांनी सासूबाई स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाल्या, "अगं, हे तू छान केलंस हो. अगदी ओलं लागतंय."

कपाटाच्या दारांखालून पाण्याचा एक रुंद, शांत पट्टा निघाला होता आणि गालिचावर पसरत चालला होता.

नवरा वाकला, बोट बुडवून जिभेला लावलं. "खारटसुद्धा आहे," तो कौतुकाने म्हणाला. "मानलं तुला."

गालिचाच्या पलीकडे, जमिनीवर, बॅटरी होती. पाणी तिच्यापासून हातभर होतं. ती नियमाप्रमाणे हळू आवाजात म्हणाली, "बॅटरी उचल."

नवऱ्याने आपला कागद उलटासुलटा केला. "हे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही. हे खरं आहे."

"हो, खरं असल्यासारखं. नियम तीन."

"सारखं नाही. खरंच खरं आहे."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि धावायचं नाही म्हणून एकेक पाऊल मोजत बॅटरीकडे निघाला. मध्ये थांबून त्याने पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. दोन्ही बाजूंनी, सारखी.

मग ती धावली. ओरडलीही, काय ओरडली ते वही लिहिणाऱ्या निरीक्षकाला विचारण्याची पुढे कुणाची हिंमत झाली नाही. तिने ती दगडासारखी जड पेटी उचलून सोफ्यावर आदळली, तशीच दाराकडे पळत जाऊन खटका वर केला. खालचा मोठा पंप घरघरला, पाणी वर चढू लागलं, आणि कपाटाखालचा पट्टा थांबला.

सासूबाईंनी घड्याळात पाहिलं. "सहा मिनिटं दहा सेकंदांनी धावली," त्या म्हणाल्या. "मार्क कापायचे का?"

घरातले सगळे टॉवेल, दोन चादरी आणि नवऱ्याचा आवडता टी-शर्ट कामी आले. टॉवेल पिळता पिळता ती मनातल्या मनात राजीनामा लिहीत होती; कारखान्याचा, आई असण्याचा, बायको असण्याचा, जमेल तेवढे सगळेच. ज्या बाईला सहा फुटांचा समुद्र काचेत ठेवता येत नाही तिने साडेचारशे माणसांना बाहेर काढू नये. आणि पुढच्या रविवारी हेच होणार होतं. मासे वाचवायचे तर घर बुडणार, घर वाचवायचं तर मासे. का झालं हेच कळत नव्हतं. नवरा म्हणत होता पंप फुटला. टँकवाला फोनवर म्हणत होता, येऊन बघावं लागेल, आणि यायला दहा दिवस लागतील.

"मी काढलंय," मुलगी म्हणाली.

"हो बाळा, नंतर बघते हं."

"पाणी कुठून आलं ते काढलंय."

तिने ओल्या हातांनी वही घेतली. पहिल्या पानावर वरची टाकी, मासे, आणि पाण्यात बुडालेलं पाइपाचं तोंड. दुसऱ्या पानावर वरचं पाणी थोडं खाली आलेलं, आणि पाइपात खालच्या दिशेने बाण. तिसऱ्या पानावर पाइपाचं तोंड पाण्याबाहेर, खालची टाकी भरून वाहणारी, आणि शेजारी एक बाई, तोंड उघडं, फारच मोठं.

ती जमिनीवर बसून राहिली. पंप थांबला की पाण्याला वर ढकलणारं कुणी उरत नाही; मग तोच पाइप वरचं पाणी खाली ओढतो, आणि तोंड उघडं पडेपर्यंत ओढतच राहतो. तोंड चार बोटं बुडालेलं, म्हणजे सहा फुटी टाकीतलं चार बोटं पाणी खाली. आणि खाली ते मावायला जागा कुठे होती? ती तर तिनेच काठोकाठ भरून ठेवली होती. तिघांनी मिळून केलेलं होतं हे. एकाला पंप मोठा हवा होता, एकीला मालिका ऐकायची होती, आणि एकीला पाणी कमी पडायची भीती होती. सहा वर्षांच्या मुलीने मात्र फक्त बघितलं होतं.

"हे कुणी शिकवलं तुला?" तिने विचारलं.

"तूच म्हणालीस, दिसेल ते काढ."

संध्याकाळी पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीला आणलं. खळखळाट परतला, सासूबाई म्हणाल्या, मी पुढे सरकून बसेन. खालच्या टाकीला लाल पट्टी चिकटवली आणि पाणी तिच्याखालीच ठेवायचं ठरलं. बॅटरी स्टुलावर गेली. बुधवारी पुन्हा तालीम झाली, या वेळी एकही नियम नसलेली. एक थेंब सांडला नाही.

आणि मग तो शेवटचा रविवार आला. वीज जाताना-येताना झटका बसतो आणि पंप जळतात, हे तिला ठाऊक होतं. त्यामुळे नऊला दहा कमी असतानाच तिने स्वतः खटका खाली ओढला. चार्जिंग वाचावं म्हणून सगळ्यांचे फोन बंद करून एका डब्यात ठेवले. फ्रिज उघडायचा नाही. दार उघडायचं नाही, उगाच गरम हवा आत येते. बॅटरीने टक् केलं, आणि लाटा सुरू झाल्या.

सहा तास. बाहेरच्या खोलीत सगळ्यांत सुखात कोण होतं तर मासे. नवरा घामाने निथळत, बनियनवर, दर अर्ध्या तासाने पाण्याचं तापमान वाचून दाखवत होता. सासूबाई तालमीच्या, प्लास्टिकमधल्या जुन्या कागदाने वारा घेत होत्या. धावायचं नाही, ओरडायचं नाही, हे त्यांच्या तोंडावरून खालीवर होत होतं. मुलगी मजल्याच्या सामाईक गॅलरीत उघडणाऱ्या खिडकीच्या पडद्याच्या फटीत वही घेऊन बसली होती, तिथे चित्र काढायला उजेड होता. जेवण गार होतं. बाराच्या सुमारास सासूबाई म्हणाल्या, "त्या बॅटरीवर एखादा पंखा लागतो का गं?"

"लागतो," ती म्हणाली. "पण मग शेवटचा एक तास राहणार नाही."

सासूबाईंनी पिवळ्या माशाकडे पाहिलं. पिवळ्या माशाने सासूबाईंकडे पाहिलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "मी काय, घाम पुसू शकते."

तीन वाजले. तिने आणखी दहा मिनिटं थांबायला लावलं, वीज जरा स्थिर होऊ दे म्हणून. मग खटका वर केला. पंखा फिरला, फ्रिज कण्हला, टाकीवर निळा उजेड आला आणि हिरव्या कोरलचे एकवीस गोळे एकेक करत फुलू लागले. जमीन कोरडी. मासे सगळे. बॅटरीत अजून एक तास चाळीस मिनिटं शिल्लक, तिच्या हिशेबाप्रमाणे, मिनिटाला मिनिट.

नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो ओलाचिंब होता, पण तिने ठेवू दिला. सासूबाई, ज्यांनी गेल्या सात वर्षांत तिच्या एकाही कामाला "बरं आहे"च्या वर नेलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "पुढच्या जन्मी मला तुझ्याकडे मासा कर."

तिला एकदम रडू येईल की काय असं वाटलं. आपल्याला काही जमतं. बाळाचा ताप उतरेपर्यंत घड्याळ बघत बसणारी, प्रत्येक कुलूप दोनदा ओढून बघणारी ही बाई वेंधळी नाही, तयारीची आहे. ती टाकीसमोर ताठ उभी राहिली.

"मी सांगतो," नवरा म्हणाला, आणि त्याचा आवाज सभेत बोलल्यासारखा झाला, "अख्ख्या इमारतीत आज एकाही घरात अशी सोय नव्हती."

"समोरच्या काकूंकडे आहे की," मुलगी खिडकीतून, वहीतून मान वर न काढता म्हणाली. "सकाळपासून त्यांचा टीव्ही चालू आहे, पंखा पण, आणि लिफ्ट पण वरखाली करतेय. त्यांची बॅटरी आपल्यापेक्षा मोठी आहे का गं?"