आप्पांचा रुसका व्याही

नव्वदच्या दशकात माझी रेल्वेत दौंडला बदली झाली आणि नदीकाठच्या आळीत खोली मिळाली. पहिल्याच सकाळी दार उघडलं आणि हातातला तांब्या खाली पडला. समोरच्या लिंबाच्या फांदीवरून दोर आलेला, आणि त्या दोराला शेजारचा म्हातारा टाचा उचलून, मान एका बाजूला टाकून लोंबत होता.

मी बोंब मारत धावलो.

"वरडू नका सायब," म्हातारा डोळे न उघडता म्हणाला. "व्याही उठतुया."

फास गळ्यात नव्हता, उजव्या मनगटात होता. दोराचं दुसरं टोक डाव्या हातानं ओढून तो आपलाच उजवा हात विहिरीतल्या बादलीसारखा वर चढवत होता.

हे सोपानआप्पा. भीमेतले मासे धरून बाजाराला पाठवण्यात जन्म गेलेला. जाळी ओढून ओढून सगळे सांधे कामातून गेले होते, पण आप्पांनी त्यांना नात्यात घेतलं होतं. उजवा खांदा म्हणजे व्याही: "किती बी मान द्या, रुसलेलाच." गुडघे म्हणजे जावा-जावा: "एक गप बसली की दुसरी सुरू." कंबर म्हणजे थोरली वहिनी, तिच्याविषयी ते अदबीनं, हळू आवाजात बोलत. चहाला बोलावलं की म्हणत, "थांबा, वैनी उठू देती का बघतो."

शेवटी मीच त्यांना हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. "हात वर करा," डॉक्टर म्हणाले. आप्पांनी डाव्या हातानं उजवा उचलला आणि टेबलावर आणून ठेवला. "ह्यो घ्या."

तपासता तपासता डॉक्टरांचा चेहरा उतरला. खांद्यातला स्नायू पार फाटला होता. "या हातानं तुम्ही जाळं ओढता? कसं काय?"

आप्पा पंख्याकडे बघत बसले.

"जाळं सोडा. नाहीतर होडीत एखादा तरणा गडी घ्या."

"होडीत जागा न्हाई," आप्पा म्हणाले आणि उठले.

डॉक्टरांचं ते 'कसं काय' माझ्या डोक्यातून जाईना. सुट्टीच्या दिवशी मी हट्टानं त्यांच्या होडीत बसलो. होडीत नामदेव होता, आप्पांचा पोरवयापासूनचा जोडीदार. त्याची बोटं आखडून वाकडी झालेली. मूठ मिटतच नव्हती. आप्पांनी जाळ्याचा दोर त्याच्या मनगटांना गुंडाळला, त्याला पुढं तोंड करून बसवलं आणि स्वतः पाठीमागं बसले.

"वढ, नाम्या!"

नामदेवानं अंग मागं टाकलं. जाळं तसूभर हललं नाही. मग आप्पांनी मागं सुटलेला दोर डाव्या हातात घेतला आणि वाकून दातांत धरला.

दातांत! मानेच्या शिरा तटतटल्या, डोळे लालभडक झाले, आणि जाळं वीतवीत वर यायला लागलं. मी ओरडणार तोच आप्पांनी पायानं माझा पाय दाबला.

"येतंय बघ सोपाना!" मागं न बघता नामदेव म्हणाला. "हाय की अजून ताकद!"

आप्पांनी नुसता हुंकार दिला.

जाळं होडीत आल्यावर ते पाण्यात थुंकले. पाण्यावर लाल तवंग पसरला. "आप्पा, सांगून टाका त्यांना," मी कुजबुजलो.

"आन् मग? घरात कोपरा धरंल त्यो. पुन्हा उठायचा न्हाई."

काठावर नामदेवाची सून टोपली घेऊन उभी होती. "समदं म्या वढलं," नामदेव तिला म्हणाला. "इचार सोपानाला."

तिनं आप्पांकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातलं रक्त बाहीला पुसत आप्पा म्हणाले, "व्हय बाई. तुझ्या सासऱ्याला आधी च्या दे. म्या काय, नुसता बसून व्हतो."